कोणतं लिनक्स सर्टिफिकेट करू, याचं माझं लांबलचक उत्तर

टीममध्ये कुणी नवीन आलं की पहिल्या काही आठवड्यांत एक प्रश्न येतोच: "ताई, आरएचसीएसए करू की एलपीआयसी?" पहिलं रेड हॅट या लिनक्स कंपनीचं प्रमाणपत्र, दुसरं एलपीआय या संस्थेचं. कधी त्यात कॉम्पटिया या संघटनेचं लिनक्स प्लस असतं. अलीकडे बहुतेक वेळा "की सरळ सीकेए करून टाकू?" असं कुबरनेटिसच्या प्रमाणपत्राचं शेपूटही जोडलेलं असतं. मी सिस्टिम अ‍ॅडमिन आहे, मुलाखती घ्यायला बसते, यातल्या काही परीक्षा स्वतः दिल्या आहेत, त्यामुळे माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर असेल असं मुलांना वाटतं. तसं ते नाही. दर वेळी अर्धवट सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

या संस्थांची स्पर्धा अभ्यासक्रमावर चालते असा सर्वसाधारण समज आहे. पण सगळ्यांचे अभ्यासक्रम उघडून शेजारी शेजारी ठेवा. फाइलच्या परवानग्या, प्रोसेस, पॅकेजेस, डिस्क, नेटवर्क, सिस्टिमडी (सर्व्हिसेस चालवणारी व्यवस्था), थोडं शेल स्क्रिप्टिंग. बराचसा माल तोच. फरक आहे तो परीक्षा कशी घेतात यात, आणि परीक्षा जशी असते तसं हाताला वळण लागतं. मशीन बिघडल्यावर माणूस पहिल्यांदा कोणती कमांड टाइप करतो, हे बऱ्याचदा तो कुठल्या परीक्षेला बसला होता यावरून ओळखता येतं. मला तरी येतं.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आजचा गोंधळ कळत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लिनक्स कंपन्यांच्या सर्व्हर रूममध्ये शिरत होतं. तिथे आधीपासून बसलेल्या लोकांकडे मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई, नॉव्हेलचं सीएनई अशी बिरुदं होती. लिनक्सवाल्याकडे दाखवायला कागदच नव्हता. डॅन यॉर्क यांनी १९९८ मध्ये लिनक्स गॅझेटमध्ये लेख लिहून, समाजानेच एखादं प्रमाणपत्र उभं करावं असा विषय छेडला, आणि त्या चर्चेतून ऑक्टोबर १९९९ मध्ये लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट, म्हणजे एलपीआय, ही ना-नफा संस्था कॅनडात नोंदली गेली. तोवर रेड हॅटचं आरएचसीई (आज आरएचसीएसएच्या वरची पायरी) बाजारात आलेलं होतं. तिसरा भिडू होता सेअर. मिसिसिपी विद्यापीठातले टोबिन मॅगिनिस यांचं हे काम, पुढे वेव्ह टेक्नॉलॉजीजने ते विकत घेतलं. काही वर्षांत सेअर विरून गेलं. आजच्या मुलांनी नावही ऐकलेलं नसतं. २००१ मध्ये कॉम्पटियाने लिनक्स प्लस आणलं आणि पाटावर सगळ्या सोंगट्या मांडून झाल्या.

रेड हॅटने पहिल्यापासून एक गोष्ट धरून ठेवली: माणसाला मशीनसमोर बसवायचं. सुरुवातीच्या आरएचसीईत बहुपर्यायी प्रश्नांचा एक भाग होता, पण मुख्य कस लागायचा तो मुद्दाम बिघडवलेलं मशीन दुरुस्त करण्यात आणि सर्व्हर उभा करण्यात. पुढे प्रश्नपत्रिकेचा भाग गळाला आणि निव्वळ हातकाम उरलं. आजच्या आरएचसीएसएमध्येही तेच आहे. व्हर्च्युअल मशीन्स आणि कामांची यादी मिळते. इंटरनेट नाही. मॅन पेजेस मात्र मशीनवर असतात, ती हवी तेवढी वाचा. ३०० पैकी २१० गुण मिळाले की पास. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: केलेलं काम मशीन रीबूट झाल्यावरही टिकलं पाहिजे.

ही रीबूटची अट वाचायला एका ओळीची आहे, पण माणसं घडवते ती हीच. समजा नवीन पार्टिशन करून ते कायमचं माउंट करायचंय. एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना काय काय माउंट करायचं त्या यादीत, सहा रकान्यांची एक ओळ लिहायची. यूयूआयडी, म्हणजे त्या पार्टिशनचा ओळख-क्रमांक, उतरवताना एक अक्षर चुकलं. आत्ता काहीच कळत नाही, मशीन मजेत चालू असतं. रीबूट केलं की पडद्यावर तो लाल तारकांचा खेळ सुरू होतो, सिस्टिमडी त्या नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतं, आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये टाकून रूटचा पासवर्ड मागतं. परीक्षेत हे झालं आणि वेळेत सावरता आलं नाही, तर त्या मशीनवर केलेली बाकीची कामंही पाण्यात. म्हणून ज्याने ही परीक्षा मनापासून दिली आहे त्याची बोटं एफएसटॅब सेव्ह केल्या केल्या आपोआप 'माउंट -ए' टाइप करतात, म्हणजे चूक रीबूटच्या आधीच कळते. फायरवॉलचा नियम घालताना 'पर्मनंट' हा पर्याय सुटत नाही. सर्व्हिस 'स्टार्ट' करून तो थांबत नाही, 'एनेबल'ही करतो. एसईलिनक्सचं (लिनक्समधल्या जादा सुरक्षेचं) लेबल 'सीएचकॉन'ने तात्पुरतं न बदलता 'सेमॅनेज'ने नोंदवून मग 'रिस्टोअरकॉन' चालवतो. ही शिस्त पुस्तक वाचून येत नाही. मी रेड हॅटची भक्त नाही, पण हे श्रेय त्यांना द्यावंच लागेल.

एलपीआयची गोष्ट उलटी. एलपीआयसी-१ साठी १०१ आणि १०२ अशा दोन परीक्षा, प्रत्येकी ९० मिनिटं आणि ६० प्रश्न. बहुतेक बहुपर्यायी, काही ठिकाणी कमांडचं किंवा फाइलचं नाव स्वतः टाइप करायचं. त्यांच्या प्रत्येक विषयाला जाहीर वजन दिलेलं असतं आणि त्यावरून त्या विषयावर साधारण किती प्रश्न येणार हे आधीच कळतं. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. आणि इथे कुठल्याही एका डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या एका वाणाची, चाकरी नाही. डीपीकेजी आणि आरपीएम, एपीटी आणि डीएनएफ, सुसेचं झिपर, पॅकेज बसवायची ही सगळीच साधनं माहीत असावी लागतात. आता, संस्था समाजातून आलेली असली की अभ्यासक्रमात समाजाच्या लहरीही शिरतात. एलपीआयसी-१ मध्ये बरीच वर्षं एसक्यूएलचा एक विषय होता. सिस्टिम अ‍ॅडमिनने 'ग्रुप बाय' का घोकायचं हे मला कधीच कळलं नाही. २०१८ च्या आवृत्तीत तो काढला, बरं झालं.

पण कागदी परीक्षेवर एक आक्षेप कायम राहतो: उत्तर ओळखणं वेगळं आणि काम करणं वेगळं. त्यात फुटलेल्या प्रश्नांच्या पीडीएफ. ज्यांना 'डम्प' म्हणतात ते पाठ करून पास झालेले लोक मी पाहिले आहेत, तुम्हीही पाहिले असतील. हातकामाची परीक्षा यातून सुटलेली आहे असंही नाही. "परीक्षेत हमखास येणारी कामं" असे व्हिडिओ शोधले की सापडतात, आणि ते बघून आलेला उमेदवार पंधरा कामं डोळे मिटून करतो, सोळाव्याला अडतो.

मुलाखतीत मी एक मशीन देते. त्यावर /व्हार, म्हणजे लॉग वगैरे साठतात ती जागा, भरलेलं असतं. डिस्क किती भरली ते सांगणारी 'डीएफ' कमांड १०० टक्के दाखवते, पण 'डीयू'ने बेरीज केली तर तेवढ्या फाइल्स सापडतच नाहीत. जुन्या अ‍ॅडमिनना हा डाव पाठ असतो: कुणीतरी मोठी लॉग फाइल डिलीट केली आहे, पण ती लिहिणारी प्रोसेस ती अजून उघडी धरून बसली आहे, त्यामुळे नाव गेलं तरी जागा सुटलेली नाही. एकदा एकाच दिवशी दोन उमेदवार आले. एकाकडे ताजं आरएचसीएसए, दुसरीकडे एलपीआयसी-१.

पहिल्याने 'डीएफ' पाहिलं, लगेच 'एलएसबीएलके', मग व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा आहे का ते बघितलं, आणि 'एलव्हीएक्स्टेंड'ला फाइल सिस्टिमही सोबत वाढवणारा पर्याय लावून व्हॉल्यूम वाढवून मोकळा झाला. हात इतका सफाईदार की माझा सहकारी खूश. मी विचारलं, "जागा खाल्ली कुणी?" तो थबकला. त्याला तो प्रश्न पडलाच नव्हता. परीक्षेत काम होतं 'व्हॉल्यूम वाढवा', आणि व्हॉल्यूम वाढला होता.

दुसरी उमेदवार बराच वेळ पडद्याकडे नुसती बघत बसली. मग म्हणाली, "डिलीट झालेली फाइल कुणीतरी उघडी ठेवली असणार." बरोबर. उघड्या फाइल्स दाखवणाऱ्या 'एलएसओएफ'चा नेमका पर्याय तिला आठवेना, मॅन पेज उघडून शोधला, प्रोसेस सापडली, ती सर्व्हिस रीस्टार्ट करायची परवानगी आहे का तेही विचारलं. मी मनात तिला पैकीच्या पैकी दिले. पुढच्या कामात मात्र तिने फायरवॉलमध्ये पोर्ट उघडला, चाचणी केली, चाललं, आणि पुढे गेली. 'पर्मनंट' नाही. रीबूट केलं आणि पोर्ट बंद.

बाहेर आल्यावर आम्ही पॅनलवाले तासभर भांडलो. जागा एकच होती, आणि तिला घेतलं, कारण 'पर्मनंट' विसरणाऱ्याची ती खोड आमच्या टीममध्ये आठवड्याभरात मोडते. पण पहिला उमेदवार वाईट होता असं मी म्हणणार नाही. रात्री तीन वाजता साइट बंद पडलेली असताना आधी व्हॉल्यूम वाढवून सगळं चालू करणारा माणूसच हवा असतो, कारण शोधायला सकाळ आहेच.

दोन्ही परीक्षा एकमेकींना पूरक आहेत, मग या संस्थांनी हातमिळवणी का केली नाही? केली होती की. २०१० मध्ये कॉम्पटिया आणि एलपीआय एकत्र आले. लिनक्स प्लसची परीक्षा एलपीआयच्याच प्रश्नांवर घ्यायची असं ठरलं. त्या दोन परीक्षा पास झालात की लिनक्स प्लस तर मिळायचंच, गुण एलपीआयला कळवायला संमती दिली की एलपीआयसी-१ सुद्धा, आणि वर नॉव्हेलचं, पुढे सुसेचं, प्राथमिक प्रमाणपत्रही मागता यायचं. एका खर्चात तीन कागद. उमेदवाराच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हाच काय तो सुवर्णकाळ. त्याआधी २००६ मध्ये कॅनॉनिकलनेही असाच शहाणपणा केला होता: उबंटूचं प्रमाणपत्र हवं तर आधी एलपीआयसी-१ करा, वर उबंटूपुरती एक जादा परीक्षा द्या. पाया सामाईक, मजला आपापला. माझ्या मते ही रचना सगळ्यात चांगली होती.

टिकलं नाही. उबंटूचं ते प्रमाणपत्र बंद झालं. २०१९ मध्ये कॉम्पटियाने स्वतःची एका परीक्षेची नवी लिनक्स प्लस काढली आणि एलपीआयबरोबरची सोयरीक मोडली. कारण समजायला फार डोकं लागत नाही. सामाईक पायाचा फायदा उमेदवाराला होतो, पण परीक्षेचे पैसे आणि नूतनीकरणाचे पैसे ज्याचं नाव कागदावर त्याला मिळतात. एलपीआयने मात्र उलट दिशेने एक चांगलं काम केलं. बीएसडीवाल्यांचा स्वतंत्र प्रमाणपत्राचा कार्यक्रम २००५ पासून स्वयंसेवकांच्या जोरावर तग धरून होता, तो त्यांनी २०१८ मध्ये आपल्या छपराखाली घेतला. नाहीतर तोही सेअरच्या वाटेने गेला असता.

२०१४ मध्ये लिनक्स फाउंडेशन मैदानात उतरलं. एलएफसीएस आणि एलएफसीई. हातकामाची परीक्षा, पण घरी बसून, वेबकॅमवर लक्ष ठेवणाऱ्या पर्यवेक्षकासमोर, आणि सेंटओएस, उबंटू, ओपनसुसे यांतलं हवं ते निवडून. म्हणजे रेड हॅटची पद्धत आणि एलपीआयचा तटस्थपणा एकत्र. कागदावर याने सगळ्यांना खाऊन टाकायला हवं होतं. तसं झालं नाही. नोकरीच्या जाहिरातींत मला एलएफसीएस क्वचितच दिसतं, आणि एलएफसीई तर त्यांनी बंदच केलं. पण घरून परीक्षा ही कल्पना मात्र रुजली. रेड हॅटनेही २०२० मध्ये, लोकांना घराबाहेर पडणं अशक्य झालं तेव्हा, घरून परीक्षा सुरू केली.

फाउंडेशनचा खरा बाण दुसरीकडे लागला. २०१७ मध्ये त्यांनी सीएनसीएफ या आपल्याच क्लाउड शाखेबरोबर कुबरनेटिसचं, म्हणजे अनेक मशीन्सवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीचं, सीकेए काढलं. आता दोन तास, ६६ टक्क्यांना पास, आणि परीक्षेत कुबरनेटिसचं अधिकृत दस्तावेज उघडून बघायला मुभा. इथे रेड हॅटसारखा एक मालक नव्हता, सगळ्या क्लाउड कंपन्यांना तेच हवं होतं, त्यामुळे हा कागद भराभर चालला. त्याचा परिणाम असा की लिनक्स न शिकता सीकेए करणारी पिढी तयार झाली आहे. पॉड (कंटेनरचा गट) का मरतोय हे ती सांगते, पण नोडवर, म्हणजे खालच्या लिनक्स मशीनवर, जाऊन 'जर्नलसीटीएल'ने लॉग बघ म्हटलं की गडबडते. म्हणून "सरळ सीकेए करू का" या शेपटाला माझं उत्तर: नको. आधी खालचा थर.

आता मला सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. नाव तेच, परीक्षा वेगळी. आरएचईएल (रेड हॅटची स्वतःची लिनक्स) ७ पर्यंतचं आरएचसीई, म्हणजे ईएक्स३००, हे सर्व्हिसेसचं होतं: केर्बेरॉससह एनएफएस, सांबा, आयस्कझी, अपाची, पोस्टफिक्स. २०१५ मध्ये रेड हॅटने अनेक मशीन्स एकदम सेट करणारं अ‍ॅन्सिबल विकत घेतलं. आणि आरएचईएल ८ बरोबर आरएचसीईची परीक्षा ईएक्स२९४ झाली, जी जवळपास पूर्ण अ‍ॅन्सिबलची आहे. माझं स्वतःचं आरएचसीई जुन्या पद्धतीचं. माझ्या शेजारी बसणाऱ्याचं नव्या पद्धतीचं. दोघांच्या नावापुढे तीच चार अक्षरं. तो मला प्लेबुकमधली खाचाखोच सांगतो, मी त्याला कीटॅब फाइल का चालत नाही ते सांगते. आमचं छान जमतं, पण बाहेरच्या माणसाला यातलं काय कळणार? बदल चुकीचा होता असं माझं म्हणणं नाही. शंभर सर्व्हरवर हाताने सांबा बसवणारे आता उरले नाहीत. पण मग नावही बदलायचं होतं. जुन्या नावाला बाजारात भाव होता, म्हणून तेच ठेवलं, दुसरं काही कारण मला दिसत नाही.

सरावाच्या मशीनचं काय, हाही प्रश्न येतो. पूर्वी आम्ही सगळे सेंटओएसवर, म्हणजे आरएचईएलच्या फुकट नकलेवर, सराव करायचो. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने सेंटओएस ८ एका वर्षात संपवण्याचं जाहीर केलं तेव्हा माझ्या ओळखीतल्या परीक्षार्थींची पहिली काळजी हीच होती. पुढे रॉकी आणि अल्मा या तशाच फुकट नकला आल्या, आणि रेड हॅटनेही व्यक्तिगत डेव्हलपर सबस्क्रिप्शनवर १६ मशीनपर्यंत आरएचईएल फुकट वापरायची सोय केली. त्यामुळे आज खरंखुरं आरएचईएलच वापरून सराव करा, दुसरं शोधू नका.

मुदतीबद्दल थोडक्यात. रेड हॅटची तीन वर्षं, एलपीआयसीची पाच. लिनक्स प्लस एलपीआयच्या काळात आयुष्यभराचं होतं, आता तीन वर्षांचं. सीकेए तीनाचं दोन वर्षांवर आणलं, एप्रिल २०२४ पासून. तंत्र बदलतं हे खरं, पण 'ग्रेप' दोन वर्षांनी बदलत नाही. माझं आरएचसीई संपलं तेव्हा मी नूतनीकरण केलं नाही. तोवर माझं काम बोलत होतं. पंचविशीतल्या मुलाला मी हे करायला सांगणार नाही, कारण त्याचा बायोडेटा आधी यंत्र चाळतं, माणूस नंतर.

तर उत्तर. नोकरी शोधत असाल आणि एकाच परीक्षेचे पैसे असतील तर आरएचसीएसए करा. पण अभ्यास मात्र एलपीआयसी-१ चा आराखडा समोर ठेवून करा. तो जाहीर आहे, एलपीआयचं शिकण्याचं साहित्यही त्यांच्या साइटवर फुकट आहे, आणि परीक्षा द्यायची सक्ती कुणी केलेली नाही. कंपनी पैसे देत असेल आणि ती लिनक्स प्लसच मागत असेल तर द्या, वाद घालू नका. काम डेबियन-उबंटूवर असेल तर एलपीआयसीची परीक्षाही द्या, तिथे तिचा खरा उपयोग होतो. सीकेए नंतर. अ‍ॅन्सिबल येत असेल तर आरएचसीई, येत नसेल तर आधी अ‍ॅन्सिबल.

आमच्या टीमच्या जाहिरातीत पूर्वी "आरएचसीई असल्यास प्राधान्य" अशी ओळ असायची. एचआरच्या मागे लागून ती बदलून घेतली आहे. आता तिथे परीक्षेचा क्रमांक आणि कोणत्या आरएचईएलवर दिली ते विचारतो, आणि "किंवा एलपीआयसी-१" असंही लिहिलेलं असतं. एचआरची तक्रार आहे की ओळ फार लांब झाली.